सातवी कुठून आणायची?

सुमंगला गावस मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते आणि ते खाणीच्या धुळीने तांबडे झाले होते. गळ्यात मंगळसूत्र, आणि त्याच्यावर लाल नाडीत ओवलेली शिट्टी. बूट काढायला वेळ लागेल म्हणून त्या पायरीवरच उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "तुझा चेडू माका कबड्डीक जाय."

माझी मुलगी संजना तेव्हा नुकतीच कॉलेजात गेली होती. मी काळजी करणारी बाई आहे, हे आमचं दुकान आहे त्या साखळी गावच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. मी एकामागून एक विचारत गेले. हात मोडला तर? चेहऱ्यावर वण पडला तर? मुलं बघायला उभी राहतात त्याचं काय? उशीर झाला तर कोण सोडणार? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर दिलं. "सात वाजायच्या आदीं चेडू घरात. सात वाजून गेले तर दारात उभी राहून माका शिव्या घाल. बाकीचा सगळा देवाच्या हातात, सात वाजप तेवढा माझ्या हातात."

सात कधी वाजून गेले नाहीत. मॅडमचे यजमान जयराम खाणीवर टिपर चालवत. संध्याकाळी ड्यूटी संपली की ते मित्राची जुनी व्हॅन घेऊन मैदानावर यायचे आणि मुलींना दारोदार पोचवायचे. माझे यजमान परेश यांनी एकदा त्यांना गमतीने विचारलं, "जयराम, तू कॉलेजाचो ड्रायव्हर जालो मरे?" तर ते म्हणाले, "बाबा, घरात शिट्टी वाजली की मी उभो रवतां. तू काय वेगळो रवशी?"

हे सगळं गोवा घटक राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. आमच्या तालुक्यातलं कॉलेज नवीन होतं. सूचनाफलक कोकणीत, अर्ज इंग्रजीत आणि भांडणं आपापल्या बोलीत. मैदान म्हणजे इमारतीमागची सपाट केलेली टेकडी. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात आणि त्यांची धूळ मैदानावर बसे. मुलींच्या आधी मॅडम यायच्या, बादल्यांनी पाणी शिंपायच्या, आणि पाव विकणाऱ्या पदेराच्या भोंप्याचा आवाज वस्तीवरून जाईपर्यंत चुन्याच्या रेषा मारून झालेल्या असायच्या. त्या स्वतः शाळेत धावण्यात पहिल्या यायच्या. सातवीनंतर वडिलांनी धावणं बंद केलं. मग लग्न झाल्यावर, सासूच्या हातापाया पडून, कोल्हापूरला जाऊन त्यांनी खेळशिक्षणाची पदवी घेतली. हे मला त्यांच्या सासूनेच सांगितलं. "हातापाया पडली म्हणतां, पण तिकीट आदींच काडलेला," असं पुढे जोडून.

नियमांच्या बाबतीत बाई कडक. नखं रोज तपासायच्या. बांगड्या उतरवायच्या नाहीत असं ज्या घरांत होतं, त्यांच्या मुलींना मनगटावर फडकं घट्ट बांधायला लावायच्या. रेषेवर पाय पडला आणि पंचाने पाहिलं नाही तर मुलीने स्वतः हात वर करून बाहेर जायचं, असा त्यांचा दंडक होता. संजनाने एकदा तसं केलं नाही, तर तिला दोन आठवडे फक्त पाणी शिंपायला ठेवलं. त्यामुळे पुढे जे झालं ते आमच्यापैकी कोणाला लवकर खरंच वाटलं नाही.

संघात दहा मुली होत्या. त्यांतल्या चौघी हळर्णच्या, पेडणे तालुक्यातल्या, एकाच वाड्यावरच्या परबांच्या. रोज दोन बस बदलून यायच्या. शेवंती त्यांच्यात सगळ्यात दांडगी. तिने पाय धरला की समोरची हलत नसे. त्यांच्या घरच्यांनी कॉलेजला पाठवलं त्याचं कारणही मॅडमच होत्या. शेवंतीचे वडील शंभू परब उघड म्हणायचे, "शिकून काय करतली ती तिका खबर. पण गोव्याच्या संघात गेली तर माझा नाव पेपरात येतला." कबड्डी होती म्हणून कॉलेज होतं. हे त्या चौघींनाही ठाऊक होतं.

आणि या दहांबाहेरची एक होती पूनम. तिचे आईवडील कोल्हापूरकडून आलेले, बांधकामावर कामाला. आई हौसा डोक्यावर घमेलं घेऊन जायची तेव्हाही मान ताठ. पूनम म्हणजे वीज. चढाईला गेली की मोकळ्या हाताने परत यायचीच नाही. पण दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, आणि तिने कॉलेज सोडून औषधाच्या कारखान्यात पॅकिंगची नोकरी धरली. तरी सुटीच्या दिवशी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायची. मॅडम तिला ओरडायच्या, "उभी कित्या रवल्या? पाणी शिंप." की ती हसत बादली उचलायची.

त्या वर्षी आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. अंतिम सामना पेडण्यातल्या एका गावात, देवळासमोरच्या पटांगणात ठेवला होता, कारण तिथे प्रेक्षक बसायला पायऱ्या होत्या आणि गावच्या मंडळाने मांडव घालून दिला होता. सामन्याच्या दुसऱ्याच दिवसापासून तिथे जत्रा. खाज्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांचे बांबू रोवायला सुरुवातही झाली होती.

आणि सामन्याच्या आदल्या दुपारी हळर्णचे सगुणआजोबा गेले. परबांच्या त्या वाड्यावरचे सगळ्यात वयस्कर. चौघींचे चुलत आजोबा.

गोव्याबाहेरच्या वाचकाला इथे थोडं सांगायला हवं. एका भावकीतलं माणूस गेलं की बारावं होईपर्यंत ती सगळी भावकी सुतकात. कोणाला शिवायचं नाही, देवळाची पायरी चढायची नाही, देवळापुढच्या पटांगणात पाय टाकायचा नाही. आणि कबड्डी हा शिवायचाच खेळ. चौघी आपल्या मर्जीने गेल्या असत्या तरी लपलं नसतं. पेडण्यात कोण कोणाच्या भावकीत आहे हे लोकांना तोंडपाठ असतं. जत्रेच्या आदल्या दिवशी देवासमोर सुतकातली माणसं उतरली म्हणून गाव उठला असता.

मॅडम आयोजकांकडे गेल्या. सामना बारावं होईपर्यंत पुढे ढकला म्हणाल्या. ते म्हणाले, जागा जत्रेला दिली आहे, पंच बाहेरून आले आहेत, तुमचा संघ आला नाही तर समोरच्यांना विजयी घोषित करू. दहातल्या चार गेल्या, सहा उरल्या. मैदानात सात लागतात.

त्या संध्याकाळी आमच्या दुकानात त्या आल्या आणि स्टुलावर बसल्या. परेशने पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अर्चनाबाय, सातवी खंयसून हाडूं?"

दुसऱ्या दिवशी शेवंती परबच्या नावावर पूनम मैदानात उतरली. परब आडनाव पेडण्यात घरोघर असतं, आणि चेहरा ओळखीचा नव्हता, म्हणून गावाला ती हळर्णची वाटली नाही.

मी पायरीवर बसले होते. मला ते वॉर्म-अपच्या वेळीच दिसलं आणि मी उठून उभीच राहिले. पण त्याच वेळी मनात हेही आलं की यात चुकलं ते काय? मुलगी आपलीच. कालपर्यंत याच संघात होती. सुतक काय कोणी मागून घेतलं होतं? तिथे बसलेल्या आमच्याकडच्या सगळ्यांना तसंच वाटत होतं. मॅडमनाही तसंच वाटलं असणार. सुतकाची अडचण ही इतकी उघड, इतकी घरची गोष्ट, की नियम लिहिणाराही याच मातीतला असेल तर समजून घेईल, अशी ती चूक होती. सामन्याआधी खेळाडूंच्या यादीवर कर्णधाराची सही लागते. संजना कर्णधार होती. तिने सही केली.

सामना रंगला. माईकवरून "शेवंती परब, आणखी एक गुण!" असं ओरडत होते आणि पूनम त्या नावाला मान वळवत नव्हती. शेवटच्या मिनिटाला ती चढाईला खोल गेली, तीन जणींनी कोंडी केली, आणि माझ्या मुलीच्या तोंडून सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशी हाक गेली: "पूनम, फाटीं यो! पूनम!"

पूनम मागे आली. रेषेला हात लावून आली. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. चषक घेताना मुली नाचत होत्या. मॅडम मात्र लांब, दुकानांच्या बांबूंजवळ उभ्या होत्या. समोरच्या कॉलेजचे प्रशिक्षक शिवदास सर त्यांच्याजवळ गेले. मी जवळच होते. सर रागावलेले नव्हते, आणि तेच जास्त लागलं.

"मॅडम, ही पूनम म्हणजे गेल्या वर्साची पूनम मगो? ती कॉलेजात ना आतां."

"ना."

"माका आदीं सांगला आसता तर मी माझी एक बाहेर बसयली आसती. सहांक सहा खेळले आसते. पंचांक दोगांनी मिळून विचारला आसता. सुतक माका कळना काय? माझीय आवय पेडण्याची." ते पुढे म्हणाले, "आतां माका तक्रार करूंक जाय. माझ्या चेडवांक मी काय सांगू?"

"करा," मॅडम म्हणाल्या. "तुमचा बरोबर आसा."

त्या रात्री संजना जेवली नाही. मी आवाज का काढला, मी आवाज का काढला, एवढंच म्हणत होती. तिने आवाज काढला नसता तरी, सगळं बघून गप्प बसलेली मी सुटले असते का?

तक्रार गेली. आठवड्याभरात कॉलेजला कळवण्यात आलं की चौकशी होईल, आणि आरोप खरा ठरला तर संघावर दोन वर्षांची बंदी येऊ शकते. दोन वर्षं म्हणजे संजनाचं उरलेलं सगळं कॉलेज. हळर्णच्या चौघींचं नुकसान तर त्याहून जास्त. शंभू परबनी निरोप पाठवला होता की बंदी आली तर पोरी घरी.

प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. कर्णधाराची आई म्हणून मलाही. प्राचार्य भले गृहस्थ, पण कॉलेजच्या नावाची त्यांना धास्ती होती. ते म्हणाले, "हे बघा, पूनमचा प्रवेश आपण चालू वर्षाचाच दाखवू शकतो. ऑफिसमध्ये बोललो आहे. मागच्या तारखेचा एक कागद झाला की ती आपली विद्यार्थिनी. मग राहिली फक्त नावाची चूक. यादीत घाईत चुकीचं नाव पडलं, असं सांगू."

मी मॅडमकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला हा मार्ग बरा वाटत होता. एक कागद, आणि माझी मुलगी मोकळी.

"सर," मॅडम म्हणाल्या, "एक खोटा मी केला. तो निस्तरूंक दुसरा नाका. मागीर तिसरा लागतला."

"मॅडम, यात कॉलेजचं..."

"कॉलेजाचा नाव मी घालयला. मीच भरून काडतां. पण असा न्हय."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमची नोकरी जाऊ शकते, हे लक्षात आहे ना?"

"आसा." आणि त्या उठल्या. दारातून मागे वळून म्हणाल्या, "सर, मैदानाच्या नळाक दोन दिवस पाणी ना. तेवढा बघा."

पालकांची बैठक मॅडमनीच बोलावली, कॉलेजच्या एका वर्गात. पुरुष बाकांवर अवघडून बसले होते. शंभू परब डोकं तासलेले, सुतक नुकतंच फिटलेलं. ते पहिले बोलले. "मॅडम, आमचो सगुणआजो काय तारीख बघून मेलो नाय. आमकां कित्या शिक्षा?"

मागच्या बाकावरून एक गृहस्थ म्हणाले, "ह्या तर सोपा आसा. त्या घाटी चेडवाचा नाव घाला. ती आपणहून मैदानात घुसली म्हणा. तिचा काय जाता? ती खंय कॉलेजात आसा?"

दोघातिघांनी माना हलवल्या. तेवढ्यात दाराकडून आवाज आला. हौसा कामावरून तशीच आली होती. पायांना सिमेंट, हातात डबा. कोणी बसा म्हटलं नव्हतं म्हणून ती चौकटीला टेकून उभी होती.

"काय जातंय ते मला इचारा की," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं कुणाचं काय चोरलंय? तुमच्या लेकी घरात बसल्या, माझी लेक तुमच्या लेकींच्या जागी पळाली. गुडघा फुटला तिचा. कारखान्यात दोन दिस खाडा झाला. आन् आता ती घाटी व्हय? कप घेताना कोण हुती?"

मॅडम खुर्चीवरून उठल्या, हौसाचा हात धरून तिला पुढे आणली आणि आपल्या खुर्चीवर बसवली.

"पूनमाक मी बोलायलां," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "ती 'नको' म्हणत होती. मी म्हटलां, माझ्यासाठी खेळ. चौकशीत हेच सांगतलां. कोण वेगळा सांगीत, तर तो माझ्या संघाचो न्हय. मागीर चेडवांक खंय जाय थंय घेवन जावा."

शंभू परब बाकावरून उठले. मग हौसाला म्हणाले, "बाये, तुझ्या चेडवाचो गुडघो बरो जालो?"

"झाला," हौसा म्हणाली. "पळतीया."

चौकशी पणजीला होती. संजनाची सही असल्यामुळे तिला जावं लागलं, आणि तिच्याबरोबर मला. बसमध्ये मॅडमच्या मांडीवर कापडी पिशवी होती. मी सगळ्या वाटेने संजनाला पढवत होते: मॅडमनी सांगितलं म्हणून केलं, एवढंच म्हण, जास्त बोलू नकोस. मॅडमना ऐकू येत होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "आवय बरोबर सांगता गो. तसाच म्हण."

लांब मेजापलीकडे तिघं बसले होते. अध्यक्ष वयस्कर होते आणि त्यांना कोड्यात बोलायची आवड नव्हती.

"तुम्हाला नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता," मॅडम शुद्ध मराठीत म्हणाल्या. त्या बोली सोडून बोलल्या की त्यांचा आवाज वेगळाच वाटे. "दर वर्षी मीच मुलींना वाचून दाखवते."

"मग?"

"सहा होत्या. सातवी हवी होती."

"नव्हती तर हरायचं."

"हो. हरायला हवं होतं."

अध्यक्ष थोडे मागे टेकले. त्यांनी सबबी ऐकायची तयारी केलेली असावी, आणि ती वाया गेली. दुसऱ्या सदस्याने विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. सुतकबितक तुम्ही मानता?"

"मी काय मानते ते सोडा. त्या चौघी ज्या घरांतून येतात, तिथून त्यांना बाहेर काढायला मला दोन वर्षं लागली. त्या घराला मी देवळासमोर आडवी गेले तर पोरी परत दिसायच्या नाहीत. एक विनंती आहे. पुढच्या वेळी सामना देवळापुढे ठेवू नका. कॉलेजच्या मैदानावर ठेवा. मग सुतक असलं तर मी घरच्यांशी बोलू तरी शकेन. देवळापुढे मला बोलायला जागाच नाही."

तिसऱ्याने ते लिहून घेतलं. मग अध्यक्ष संजनाकडे वळले. "सही तुझी आहे?"

"हो."

"मुलगी दुसरी आहे हे तुला ठाऊक होतं?"

मी तिचं मनगट घट्ट धरलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "ठाऊक होतं," ती म्हणाली.

मॅडम लगेच म्हणाल्या, "साहेब, मी तिला सही करायला सांगितली. अठरा वर्षांची मुलगी आपल्या मॅडमना नाही कसं म्हणेल? ते मी तिला कधी शिकवलंच नाही. आता शिकवीन. पण ती शिक्षा माझी आहे, तिची नव्हे." आणि पिशवीतून त्यांनी चषक काढून मेजावर ठेवला. कोणी मागितला नव्हता. शेणाच्या राखेने घासून लख्ख केला होता. "हा त्या मुलींचा आहे. शिवदास सरांच्या."

बाहेर आल्यावर संजना रडायला लागली. मॅडमनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "आवयन काय शिकयला आणि तू काय म्हटला!" आणि मग त्याच हाताने तिला जवळ ओढून धरलं.

निकाल यायला महिना गेला. त्या महिन्यात मला झोप नव्हती, पण मैदान रोज सकाळी शिंपलं जात होतं. स्पर्धा नव्हती, पुढे असेल की नाही माहीत नव्हतं, आणि तरी साडेसहाला शिट्टी. हळर्णच्या चौघी पहिल्या बसने यायच्या. एकदा मी विचारलं, बंदी आली तर हे सगळं कशाला? मॅडम म्हणाल्या, "बंदी स्पर्धेक आसतली. धांवपाक कोण बंदी घालता?"

निकाल असा: त्या वर्षीचं विजेतेपद रद्द. कर्णधाराला ताकीद. संघाला पुढल्या वर्षी खेळता येईल, पण सुमंगला गावस यांना दोन वर्षं कोणत्याही स्पर्धेच्या ठिकाणी संघाबरोबर जाता येणार नाही. संघाबरोबर दुसरी जबाबदार स्त्री असावी. शेवटी एक ओळ होती की मॅडमनी काही लपवलं नाही याची नोंद घेण्यात आली आहे. नोकरी राहिली.

मॅडमनी ते वाचलं, घडी घातली आणि थेट हौसाच्या खोलीवर गेल्या. मीही गेले. पूनमला पुन्हा कॉलेजात घाला, एवढंच त्यांचं मागणं. "पण एक सांगतां," त्या म्हणाल्या, "नोकरी सोडूंक लागतली. नोकरी करून खेळप नियमात बसना. आणि मी आतां तेवढाय खोटा करची ना."

हौसा भाकरी थापत होती. पूनम कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती, आईच्या पाठीकडे बघत. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर हौसा म्हणाली, "लहानाची मोठी झाली तवा जेवलीच की आमच्यात. आनी थोडं दिस जेवंल." मग पोरीकडे न बघता, "पन ते राहिल्यालं इषय सोडीव. न्हाईतर बघ."

दुसरी जबाबदार स्त्री शोधायला प्राचार्यांना फार वणवण करावी लागली नाही. मॅडमनी माझं नाव देऊन टाकलं होतं. मी म्हटलं, मला खेळातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, "काळजी कळता मगो? तेवढा पुरो."

पुढच्या हिवाळ्यात म्हापशाला एका कॉलेजच्या मैदानावर उपांत्य सामना होता. सकाळी बसजवळ मॅडम आल्या, मुलींची नखं तपासली, शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि मागे फिरल्या. गर्दीत लांब उभं राहून बघा, कोणाला कळणार आहे, असं जयराम म्हणाले, तर त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की तो बिचारा व्हॅनची काच पुसायला लागला.

सामना संपल्यावर मी फाटकाबाहेरच्या बूथवरून आमच्या दुकानात फोन लावला. परेशने उचलला. "सकाळपासून हांगाच बसल्या," तो कुजबुजला. "गिऱ्हायकां भितंत." मग मॅडमचा आवाज आला.

"कोण कोण खेळलीं?"

मी सात नावं सांगितली. संजना, शेवंती, पूनम, आणि बाकीच्या चौघी.

"पूनम आपल्या नांवान?"

"हो. माईकवर आडनाव चुकीचं सांगितलं तर खेळ थांबवून गेली आणि सुधारून घेतलं."

"बरें," त्या म्हणाल्या. "आतां सांग."

"तीन गुणांनी हरलो."

"कोणाची पकड सुटली?"

"शेवंतीची. अगदी शेवटी."

"उजव्या पायाक गेली आसतली. कितले फावटीं सांगलां तिका, डावो धर, डावो." मग, "रडतंत?"

"संजना आणि शेवंती रडतायत. पूनम नाही. ती समोरच्या मुलींबरोबर पाणी पितेय."

"रडूंक दी. फाल्या सकाळीं साडेसहा."

"मॅडम, उद्या रविवार."

"आयतार जाल्यार काय मैदान चर्चात मिशेक गेला? आणि अर्चनाबाय, शिट्टी हरवूं नाका. सात वाजायच्या आदीं चेडवां घरात जाय."

मी घड्याळ बघितलं आणि मुलींना हाका मारायला धावले.